आतली साखर, बाहेरची साखर

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, "हे कपडे धुण्याचं यंत्र प्रयोगशाळेत कशाला?" त्याचा दोष नाही. गोल झाकण, रंग उडालेला पांढरा पत्रा, पाठीतून निघालेली जाड नळी आणि चालू झाल्यावर होणारी घरघर, असे माझे रूप आहे. पण मी काही भिजवत नाही. मी वाळवते, आणि तेही उन्हात किंवा गरम हवेत नाही, तर कडाक्याच्या थंडीत. मी गोठवून वाळवणारे एक जुने यंत्र आहे. गेली एकतीस वर्षे मी जिवंत जिवाणूंना वाळवून काचेच्या कुप्यांत झोपवत आले आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटातून सगळी हवा काढून घ्यावी लागते, त्यामुळे माझ्या अंगाला सुईच्या टोकाएवढे छिद्रही चालत नाही. मला जोडणाऱ्या वेल्डरने प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावले, आत हवा भरली आणि तो बुडबुडे शोधत बसला. एका सांध्यावर मसुराएवढा बुडबुडा आला. मुकादम म्हणाला, "एवढ्याशा बुडबुड्यानं काय होतंय?"

"काही होत नाही," वेल्डर म्हणाला. "फक्त यंत्र चालणार नाही."

त्याने तो सांधा घासून काढला आणि पुन्हा जोडला. त्याचा चेहरा मला आठवत नाही, पण तो सांधा अजून पक्का आहे.

माझे काम कसे चालते ते थोडक्यात सांगते. आधी कुपीतले पाणी गोठवून त्याचा बर्फ करतात. मग माझा पंप पोटातली हवा ओढून घेतो. हवा नसली की बर्फाचे पाणी होत नाही, त्याची थेट वाफ होते. बर्फाळ मुलखात दोरीवर कडक गोठलेले कपडे तसेच वाळतात, त्यातलाच हा प्रकार. ही वाफ माझ्या तळाशी असलेल्या अतिथंड नळीच्या वेटोळ्यावर जाऊन पुन्हा गोठते. दोन दिवसांनी कुपीत खडूच्या तुकड्यासारखी एक हलकी पांढरी वडी उरते. मग कुपीचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद करतात.

तुम्ही म्हणाल, एवढे हाल झाल्यावर आतले जिवाणू मरत नाहीत का? मरतात. म्हणून तर साखर लागते.

ही गोष्ट मला मोठ्या बाईंकडून कळली. मी या प्रयोगशाळेत आले तेव्हा त्या नव्याने नोकरीला लागल्या होत्या आणि त्यांना कोणी मोठ्या बाई म्हणत नव्हते. मला गुंडाळलेले गवत आणि पुठ्ठा त्यांनीच सोडवला होता. आमची प्रयोगशाळा मातीतले उपयोगी जिवाणू गोळा करून जपते. शेंगांच्या पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला खाऊ घालतात. जागोजागच्या मातीतले असे दोनशे बारा वाण आमच्याकडे होते.

कधीकधी शाळेची मुले पाहायला येत. बाई त्यांना माझ्यासमोर उभे करून सांगत, "पेशीभोवती एक पातळ पापुद्रा असतो. तो पाण्याच्या आधारानं ताठ उभा असतो. गोठवलं की बर्फाचे टोकदार खडे होतात आणि ते पापुद्र्याला टोचतात. वाळवलं की आधाराचं पाणीच निघून जातं आणि पापुद्रा मुडपतो. म्हणून आम्ही पाण्यात एक साखर मिसळतो. ट्रेहॅलोज तिचं नाव. अळिंबीत असते, पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही असते. पाणी निघून गेलं की ही साखर त्याच्या जागेवर जाऊन उभी राहते आणि पापुद्र्याला धरून ठेवते. शिवाय तिचे खडे होत नाहीत. ती काचेसारखी थिजते. आतलं सगळं जिथल्या तिथं राहतं."

एकदा पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "मग मी खूप साखर खाल्ली आणि बर्फात बसले तर?"

"तर सर्दी होईल आणि आई फटके देईल ते वेगळंच," बाई म्हणाल्या. "ती साखर अशी बाहेरून पेशीच्या आत शिरत नाही, बाळ."

सगळी मुले हसली. बाईही हसल्या आणि त्यांना पुढच्या खोलीत घेऊन गेल्या.

ती माझ्या भराची वर्षे होती. दर आठवड्याला माझ्या पोटात कुप्या असत. अकरा वर्षांपूर्वी वाळवलेल्या एका कुपीचे तोंड एकदा फोडले, आत थेंबभर पाणी सोडले आणि चौथ्या दिवशी प्लेटवर जिवाणूंचे शेकडो ठिपके उगवले. जिवाणू वाढवायच्या चपट्या काचेच्या डबीला इथे प्लेट म्हणतात, आणि एक ठिपका म्हणजे एका जिवंत पेशीची सगळी लेकरेबाळे. त्या दिवशी माझा फोटो काढला. फोटोत माझ्यावर हात ठेवून जे चार जण उभे आहेत, त्यांतल्या तिघांनी मला कधी चालवले नव्हते.

माझी देखभाल फिटर काकांकडे होती. ते मला आजोबा म्हणत. "काय आजोबा, आज कसला दम लागलाय?" असे म्हणत ते पंपाचे तेल बदलत. माझ्या पंपात वाफेचे चुकार कण जातात आणि तेल काळे पडते. ते वेळच्या वेळी बदलले नाही तर पंप हवा ओढू शकत नाही.

आता खारीबद्दल सांगायला हवे, कारण ही गोष्ट खरे तर तिचीच आहे.

बावीस वर्षांपूर्वी बाई समुद्राकाठच्या एका पडीक शेतात गेल्या होत्या. भरतीचे पाणी शिरून तिथली जमीन खारावली होती. तिथे एकच रानटी शेंगवेल तग धरून होती. तिच्या मुळांच्या गाठींत बाईंना हा वाण सापडला, आणि त्याचे नाव त्यांनी खारी ठेवले. इतर वाण मिठाने मरतात, पण खारी मिठातही काम करी. खारावलेल्या जमिनींचे शेतकरी बियाण्याला खारी चोळून पेरत आणि त्यांच्या शेंगांची पिके गुडघाभर वाढत. पुढे त्या पडीक शेतावर भराव पडला, वरून रस्ता गेला आणि ती वेल नाहीशी झाली. बाईंनी आणखी चार किनारे पालथे घातले, पण तसला वाण पुन्हा मिळाला नाही. शेतांत पेरलेली खारी इतर जिवाणूंत मिसळून जाई. जगात जेवढी शुद्ध खारी शिल्लक होती ती आमच्या फ्रीजमधल्या सहा नळ्यांत.

पहिल्याच वर्षी बाईंनी ती वाळवून पाहिली होती. महिन्याने कुपी फोडली तर प्लेट कोरी. बाईंनी खारीच्या कार्डावर लिहिले, "वाळवणीत टिकत नाही." तेव्हापासून त्या तिला ओलीच ठेवत. दर दोन महिन्यांनी जुन्या नळीतले बोटभर जिवाणू उचलून ताज्या खाद्याच्या नळीत लावायचे, की पुढचे दोन महिने निश्चिंती. त्या कार्डावर दुसरी ओळ अशी होती: "खाद्यात मीठ घालू नये. वाढ मंदावते." बिनमिठाच्या, गोडसर खाद्यात खारी तीन दिवसांत दाट होई. बाई आजारी असोत, घरात लग्न असो, नळी बदलायची तारीख कधी चुकली नाही. वीज गेली तर नळ्या बर्फाच्या डब्यात घालून त्या घरी नेत. त्यांचे यजमान एकदा न्यायला आले होते तेव्हा म्हणाले, "आमच्या घरी दोन लेकरं. एक शाळेत जातं, एक नळीत राहतं. नळीतल्याचे लाड जास्त."

मित्रांनो, काळ कोणासाठी थांबत नाही. दुसरीकडे मोठी, स्वतःच स्वतःला चालवणारी यंत्रे आली. वाळवायची कामे तिकडे जाऊ लागली. माझ्यावर एक मेणकापड आले. मेणकापडावर छत्र्या आल्या, मग जेवणाचे डबे. वर्षातून दोनतीनदा मला कोणी जागे करी. तेल काळे पडले, आणि माझा पंप बरेच दिवस त्याच तेलात राहिला.

मग एका सकाळी मुख्य कार्यालयातून साहेब आले. त्यांच्या हातात यादी होती. प्रयोगशाळा बंद होणार होती. सगळे वाण राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयात जाणार होते आणि बाई त्याच महिन्यात निवृत्त होणार होत्या.

"दोनशे अकरा वाण कुपीबंद आहेत, ते उत्तम," साहेब म्हणाले. "हा एक ओला दिसतोय. ओलं काही आम्ही नेणार नाही."

"साहेब, तो वाळवणीत टिकत नाही," बाई म्हणाल्या. "दर दोन महिन्यांनी नळी बदलायची, एवढंच तर काम आहे."

"बाई, तिथं आम्ही माणसं तीन आणि कुप्या नऊ हजार. उद्या मीच विसरलो तर? तुमच्या हातून मरायचं ते माझ्या हातून मरेल, फरक काय?" त्यांचा आवाज वाईट नव्हता. "सात आठवडे आहेत. कुपीत बसवा, मी स्वतः घेऊन जाईन. नाही बसला तर नळ्या नियमाप्रमाणे वाफेत टाकून नष्ट कराव्या लागतील. कागदावर मला तसंच लिहावं लागेल."

साहेब गेल्यावर बाई बराच वेळ फ्रीजचे दार धरून उभ्या राहिल्या. मग त्यांच्या हाताखालच्या ताईने माझ्यावरचे डबे उचलायला सुरुवात केली.

या ताईला येऊन सहा वर्षे झाली होती. ती कमी बोले आणि सगळे दोनदा मोजे. काका माझे तेल बदलायला आले. जुने तेल बादलीत पडले तेव्हा म्हणाले, "हे तेल आहे की डांबर? आजोबा, माफ करा. मला कोणी बोलावलंच नाही."

"बोलावल्याशिवाय यायचं नाही, असं ठरलंय का काका?" ताईने विचारले.

"नाही ना! म्हणून तर माफी मागतोय. तुझ्याकडे नाही, आजोबांकडे."

पहिल्या खेपेला बाईंनी खारी नेहमीसारखी बिनमिठाच्या खाद्यात वाढवली. तिसऱ्या दिवशी, अगदी भरात असताना, काढली. ट्रेहॅलोजच्या पाण्यात मिसळली आणि कुप्या माझ्या पोटात ठेवल्या. मी दोन दिवस चालले. वड्या छान पांढऱ्या निघाल्या. पाच दिवसांनी ताईने प्लेट उजेडात धरली. शेकड्यांनी ठिपके हवे होते. होते चार.

"यंत्र थकलंय," बाई म्हणाल्या. "पंप नीट ओढत नसेल."

काकांना ते लागले. "बाई, हवेच्या दाबाचा काटा बघा की! काट्यानं सांगितलंय का तसं? तेल मी स्वतः बदललंय."

"मग काय, माझी खारी खोटी?"

"मी असं कुठं म्हटलं?"

मी तर काही बोलू शकत नाही. मला एवढेच ठाऊक होते की काटा बरोबर होता.

दुसऱ्या खेपेला ताईने एक गोष्ट केली. खारीच्या कुप्यांशेजारी तिने एका साध्या, रोजच्या वाणाच्या कुप्या ठेवल्या. तो वाण आजवर वीस वेळा वाळवून उठला होता. यंत्र तेच, थंडी तीच, दिवस तेच. साखर मात्र बाईंच्या सांगण्यावरून दोघांनाही दुप्पट घातली होती. प्लेट आल्या. साध्या वाणाचे ठिपके मोजता मोजता ताई थकली. खारीचे सहा.

"आजोबा सुटले," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली. पण बाईंचा चेहरा पाहून त्यांनी हात काढून घेतला. सात आठवड्यांतले साडेतीन गेले होते. आता निर्दोष ठरलेल्या यंत्राचा काय उपयोग?

पुढचे दोन दिवस ताई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून जुन्या वह्या वाचत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने एक वही बाईंसमोर उघडून ठेवली.

"ही तुमची वही आहे, बाई. बावीस वर्षांपूर्वीची."

"अक्षर माझंच दिसतंय. मग?"

"खारी सापडली त्या दिवसाचं वाचा ना."

बाईंनी चष्मा लावला. "माती पूर्ण कोरडी, भेगाळलेली. वर मिठाचा पांढरा थर. वेल सुकलेली. गाठी वाळून कडक." त्या थांबल्या.

"गाठी वाळलेल्या होत्या," ताई म्हणाली. "म्हणजे तिथं ती दर उन्हाळ्यात वाळतच होती ना बाई? यंत्राशिवाय, आपल्या साखरेशिवाय. आणि पावसात उठत होती. मग आपल्याकडेच का मरते?"

"तिथं मातीचा आडोसा असतो. गाठीचं कवच असतं."

"असतं. पण अजून एक गोष्ट असते, आणि आपण ती काढून घेतलीय." ताईने एकदा काकांकडे पाहिले. काका तेलाचा डबा उगाच पुसत होते. "मीठ. बाहेर खारट असलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. ते सावरायला पेशी स्वतःच आत साखर बनवते. हीच, ट्रेहॅलोज. आपण मीठच दिलं नाही तर ती कशाला बनवेल? आपली साखर तर बाहेरच राहते. पापुद्र्याला बाहेरून आधार आहे, आतून काही नाही. भिंतीला एकाच बाजूनं गिलावा केल्यासारखं झालंय."

"साध्या वाणालाही आपण मीठ देत नाही. तो कसा उठतो?"

"तो जात्याच थोडी साखर बाळगत असेल. खारीला मीठ हाच इशारा आहे, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, करून बघितल्याशिवाय कळणार नाही. शिवाय आपण तिला भरात असताना काढतो. तेव्हा ती नुसती वाढत असते. साठवण करायची ती वाढ थांबल्यावर."

बाईंनी टेबलावरचे कार्ड ओढून घेतले. "मीठ घालू नये" ही ओळ त्यांनी वाचली. ती वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"हे मी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ती लवकर वाढावी म्हणून. नळी पांढरीशुभ्र भरलेली दिसली की मला बरं वाटायचं."

ताईने वही मिटून बाजूला ठेवली.

"शाळेच्या पोरांना मीच सांगायची, की साखर बाहेरून आत शिरत नाही. वर्षानुवर्षं सांगितलं. आणि माझ्याच खारीला कधी विचारलं नाही, की बाई गं, तुझ्या आत काय आहे?" त्यांनी चष्मा काढला. "तुला हे आधी सुचलं होतं का?"

"पहिल्या खेपेलाच शंका आली होती. पण कार्ड तुमचं होतं."

"मग तोंडाला काय झालं होतं तुझ्या?" बाई एकदम मोठ्याने म्हणाल्या. "सहा वर्षं माझ्या चहात साखर जास्त झाली की लगेच सांगतेस, आणि इथं गप्प? दहा दिवस फुकट घालवलेस!"

"चुकलं, बाई."

"तुझं नाही चुकलं. उठ आता. मीठ कुठं ठेवलंय?"

तिसऱ्या खेपेच्या खाद्यात मीठ पडले. बाईंच्या कार्डावरचे एक वाक्य मात्र अगदी खरे निघाले: वाढ मंदावली. तिसऱ्या दिवशी चंबूतले पाणी जवळजवळ नितळ होते. सहाव्या दिवशी त्यात तांदळाच्या धुवणासारखी फिकट झाक आली. हिशेब असा होता की आता सोळा दिवस उरलेत, वाळवणीला दोन, प्लेटवर उगवायला सहा-सात. चुकले तर आणखी एक खेप होणार नव्हती.

"आता काढूया," सहाव्या दिवशी बाई म्हणाल्या.

"अजून तीन दिवस, बाई. अजून वाढतेय ती."

"माझ्याच्यानं हे बघवत नाही गं. उपाशी ठेवल्यासारखं वाटतं."

"मग बघू नका," ताई म्हणाली आणि स्वतःच दचकली. काकांनी हसू दाबायला मिशीवरून हात फिरवला. बाई मात्र उठल्या, चंबूकडे पाठ करून बसल्या आणि कुप्यांना चिठ्ठ्या चिकटवू लागल्या.

नवव्या दिवशी वाढ थांबली. ताईने जिवाणू काढले. नेहमी ते साध्या पाण्याने धुतात. या वेळी धुतले नाहीत, कारण साधे पाणी लागताच आतली साखर पेशी बाहेर सोडून देतात. ते तसेच ट्रेहॅलोजच्या पाण्यात मिसळले. चाळीस कुप्या भरल्या. काकांनी माझ्या झाकणाच्या रबराला नवे ग्रीस लावले, बाईंनी झाकण दाबून धरले आणि ताईने पंप सुरू केला.

मी त्रेचाळीस तास चालले. मित्रांनो, खोटे कशाला सांगू, माझ्या हातात फार काही नव्हते. हवा ओढत राहणे, थंड राहणे, एवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा किंचित थरथरला. काकांनी रबरावर एके ठिकाणी अंगठा दाबला, तो स्थिर झाला, आणि पुढचा तासभर ते अंगठा तिथेच ठेवून उभे राहिले. ताईने स्टूल पुढे केले तर म्हणाले, "नको. बसलो की अंगठा सरकतो."

वड्या निघाल्या. दिसायला त्या मागच्या दोन खेपांसारख्याच होत्या. वडीकडे बघून आतले जिवंत आहे की मेलेले, हे कोणालाच सांगता येत नाही. दोन कुप्या लगेच फोडून प्लेटवर लावल्या. आणखी दोन उबेच्या कपाटात तीन दिवस ठेवून मग लावल्या, कारण उबेतले तीन दिवस सोसले तर फ्रीजमधली बरीच वर्षे सोसतील असा अंदाज बांधता येतो.

चौथ्या दिवशी प्लेट कोरी होती. पाचव्या दिवशीही कोरी. बाईंनी कपाटे आवरली, कात्र्या मोजून ठेवल्या, फुटकी भांडी वेगळी काढली.

सहाव्या दिवशी सकाळी ताईने प्लेट उजेडात तिरकी धरली आणि म्हणाली, "बाई, तुमचा चष्मा कुठंय?"

"तुला कशाला माझा चष्मा?"

"मला नको, तुम्ही लावा."

टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके होते. ताईने दोनदा मोजले: एकशे अठरा. उबेतल्या कुपीची प्लेट तीन दिवसांनी आली. शहाण्णव. आधीच्या खेपांत जिथे चार आणि सहा होते, तिथे.

बाई खाली बसल्या. "मिठातच हवी होती होय तुला," त्या प्लेटला म्हणाल्या. "सांगायचं नाही का भवाने?"

साहेब ठरल्या दिवशी आले. उरलेल्या छत्तीस कुप्या त्यांनी कापसात गुंडाळून पेटीत ठेवल्या, यादीवर दोनशे बारा लिहिले आणि सही केली. मग चाचरत म्हणाले, "त्या ओल्या नळ्या..."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. नियम नियमच होता. सहाही नळ्या त्यांनी स्वतःच्या हाताने जाळीत ठेवल्या, वाफेच्या भांड्यात उतरवल्या आणि झाकण लावले. बावीस वर्षांत प्रथमच त्यांना पुढच्या नळीची तारीख लिहायची नव्हती. शिटी होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. मग हात धुऊन त्या ताईला म्हणाल्या, "चल, चहा घेऊ. आणि साखर जास्त झाली तर सांग."

बाई निवृत्त झाल्या. ताई कुप्यांबरोबर मोठ्या संग्रहालयात गेली. तिथली तीन माणसे आता चार झाली आहेत. साहेबांच्या दुसऱ्या यादीत माझ्या नावापुढे "निकामी" असे लिहिले आहे. मी सध्या व्हरांड्यात उभे आहे आणि न्यायला गाडी कधी येईल ते मला माहीत नाही. काका निवृत्तीला आलेत, तरी दर सोमवारी येऊन माझे तेल बघतात. "निकामी तुम्ही असाल, तेल निकामी नाही," म्हणतात. परवा एका कृषी शाळेचे मास्तर मला बघून गेले. त्यांनी काकांना पंपाबद्दल बरेच प्रश्न विचारले. पाहू.

मित्रांनो, मला नीट ठेवा, माझ्यावर डबे ठेवू नका, असे मी सांगू शकले असते. तेही खरेच आहे. पण माझी विनंती वेगळी आहे. तुम्ही एखादे झाड, पाखरू किंवा धाकटे भावंड सांभाळाल, तेव्हा त्याला जे द्यावेसे वाटते तेवढेच देऊ नका. ते कुठून आले, तिथे ते कशावर तगून होते, हे आधी विचारा. आणि जे द्यायचे ते वेळेवर द्या. माझे झाकण बसले आणि पंप सुरू झाला, की बाहेर कोणी कितीही चांगला माणूस उभा असला तरी त्याला आत काही घालता येत नाही. थंडीत आणि कोरड्यात जो तो आपल्या आत असेल तेवढ्यावरच टिकतो.